आईच्या पसंतीची गाडी

रणजितचं मन त्या मर्सिडीजवर बसलं होतं, पण गाडी दोन लाख चाळीस हजार किलोमीटर पळालेली, त्यामुळे पंधरा दिवस त्याचं काही ठरत नव्हतं. शेवटी शनिवारी तो भारतातून आपल्याकडे राहायला आलेल्या आईला घेऊन गाडी बघायला पुन्हा बॉटनी डाउन्स या उपनगरात गेला. सरोजताई पुढच्या सीटवर बसल्या, त्याने एक बटण दाबलं आणि ऑकलंडच्या त्या जुलैच्या गारठ्यात त्यांची पाठ हळूहळू शेकायला लागली.

“घेऊन टाक,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बाबांनी जन्मभर स्कूटर रेटली. तू तरी हौस कर.”

“पण इतकी चाललेली गाडी टिकेल का, आई?”

“नीट ठेवलीस तर का नाही टिकणार?”

गाडीचा म्हातारा गोरा मालकही तेच म्हणत होता. एक रात्रसुद्धा त्याने ती गॅरेजबाहेर ठेवली नव्हती. तशीच जपली तर आणखी दहा वर्षं कुठे गेली नाहीत, असं त्याने छातीठोक सांगितलं. रणजित जरा घुटमळला. मग त्याने मालकाशी हात मिळवला. घरी येताना सरोजताईंनी सुनेला फोन लावला आणि गाडी आपल्या पसंतीची आहे, हे दोनदा सांगितलं.



रविवारी घराच्या एकुलत्या एका गॅरेजमधून आईचा पलंग बाहेर काढता काढता रणजित म्हणाला, “तुझं परतीचं तिकीट बुधवारचं मिळालंय, आई. सोडायला नव्या गाडीनेच जाऊ.”