रुमालाआधीचा ठोका

“आधी रुमाल, मग काठी. कबरीचं तोंड बंद होईपर्यंत ड्रमनं कुजबुजायचं. ओरडायचं नाही, बाळा.”

मिस ओडीलचं हे सांगणं ऑक्टेव्हला आठवलं, पण काठी ड्रमवर पडून गेल्यावर. चर्चच्या पायरीवर तिची शवपेटी आली, बँडनं संथ भजन धरलं आणि त्याच्या ड्रमखालच्या उघड्या तारा खणखणल्या. सगळी गल्ली वळून बघू लागली.

मिस ओडीलची धाकटी बहीण क्लोटिल्ड पेटीमागून त्याच्यापाशी आली. डोळे पुसून ओला झालेला रुमाल तिनं पुढे केला.

“न्यू ऑर्लिन्सचं पोर ना तू? टाळ्या पिटणाऱ्यांपुढे फार वर्षं वाजवलंस.”

त्यानं मान खाली घालून रुमाल तारांत सरकवला. आवाज बसला. कबरस्तानापर्यंत तो तसाच दबका वाजवत गेला.

वस्तीच्या हॉलमध्ये रंगाचे रिकामे डबे मांडून मुलांना ड्रम शिकवायचा, हा मिस ओडीलचा शनिवारचा नेम. ताप असो, पूर असो. ऑक्टेव्हलाही तिनंच घडवलं होतं. जॅझच्या दौऱ्यांवरून तो फोन करायचा, “या हिवाळ्यात नक्की येतो. मग शनिवारचा वर्ग माझा.” ती हसायची. “तुझी खुर्ची पुसून ठेवते,” म्हणायची. दर हिवाळ्यात नवा दौरा निघायचा.

कबरीचं तोंड बंद झालं. आता रिवाजाप्रमाणे गेलेल्याला नाचत-वाजवत मोकळं करायचं. कर्णा उंच चढला, रंगीत छत्र्या उघडल्या. ऑक्टेव्हनं रुमाल काढला आणि हात भरून येईतो वाजवलं. दुखरे गुडघे घेऊन क्लोटिल्डही नाचली.

कोपऱ्यावर मिरवणूक जेवणाकडे वळली. तो वळला नाही.

“अरे, राजमा-भात इकडे! तिकडे कोण वाढून बसलंय तुला?”

“आज शनिवार आहे, मिस क्लोटिल्ड. हॉलची किल्ली विटेखालीच असते ना अजून?”

ती नाचायची थांबली. “ओडील अंथरुणाला खिळल्यापासून तिथं कुणी फिरकत नाही, बाळा. कुणाला शिकवणार?”

“डबे वाजले की येतील.”

मग तिनं हात पुढे केला. “माझा रुमाल तरी दे.”

“राहू दे माझ्याकडे,” ऑक्टेव्ह म्हणाला, “खुर्ची पुसायची आहे.”

आणि ड्रम खांद्याला अडकवून तो हॉलच्या वाटेला लागला.