धूळ बसवायची ड्युटी

सोनिवलीच्या माळावर हौशी लोकांच्या गाड्यांची रेस होती आणि मी तिथे फुकटातला व्हॉलंटियर. काम काय, तर टँकरने ट्रॅकवर पाणी मारून धूळ बसवायची. रेस बघायला मिळत नाही, शिव्या तेवढ्या मिळतात.

दहा वाजले तरी टँकरचा पत्ता नाही. हेल्मेट घातलेला जो तो येऊन मलाच सुनावत होता, "ओ भाऊ, धुळीत समोरचं काय दिसत नाय. पाणी कधी मारताय?" शेवटी माझं डोकं फिरलं. आयोजकांकडून नंबर घेतला आणि टँकरवाल्याला फोन लावला.

"साहेब, एका सोसायटीच्या गेटवर आहे. सकाळपासून पाणी नाय त्यांना. टाकी भरून देतो नि लगेच येतो."

"ती लोकं थांबतील हो! इथे चाळीस गाड्या खोळंबल्यात. आधी इकडे या."

आला बिचारा. ट्रॅक भिजला, रेस झाली, कप वाटले. भाषणात माझं नावसुद्धा कुणी घेतलं नाही.

संध्याकाळी मांजर्लीला घरी पोचलो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत मातीने लाल झालो होतो. तडक बाथरूममध्ये शिरून नळ सोडला, तर नुसती हवा. बायको रिकामी बादली घेऊन दारात उभी.

"टँकर आला होता, पण गेटवरूनच माघारी गेला. कुणीतरी साहेब फोनवर त्याला म्हणाला म्हणे...

ती लोकं थांबतील."