रविवारची तबकडी

सुई हळू ठेव, असं ग्लेनरॉयनं हातानं खुणावलं. त्याची बायको व्हर्ना वैतागली. "दर रविवारी तेच! कळतं हो मला."

कर्करोगानं ग्लेनरॉयचं स्वरयंत्र गेलं होतं. जमैकाहून लंडनला आला तेव्हा त्याच्या रेगेला युरोपभर गर्दी व्हायची. पुढे दिवस फिरले. मोठे स्पीकर लावून गाणी वाजवणारे साउंड सिस्टिमवाले असतात; त्यांची नावं गुंफून त्यांच्यापुरत्या तबकड्या गायच्या, त्यावर घर चालायचं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यानं शेवटची तबकडी केली, ती जमैकातल्या आईसाठी, रविवारच्या फोनवर वाजवायला. गाणं नाही, नुसते प्रश्न, मध्ये उत्तरापुरती जागा.

आईचं हृदय नाजूक. पोराचा आवाज गेला हे तिला कळता कामा नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

पण या तबकड्या मऊ, वाजवून झिजतात. हिची खरखर आता फार वाढली होती.

फोन आयोनीनं, म्हणजे नणंदेनं उचलला.

"वहिनी, दादाला सांग, इकडे यायची घाई नको. गाऊ दे त्याला."

"सांगते. भजनांसाठी टेपरेकॉर्डर पाठवला होता, तो चालतोय ना?"

"चालतोय की. थांब, आईला देते."

व्हर्नानं फोन स्पीकरपाशी धरला.

"आई, मी ग्लेनरॉय. जेवलीस का?"

"हो रे राजा, उकडलेली केळी नि खारा मासा." मागे कोंबडा आरवला. "मेल्या, दुपार झाली! तुझी पहाट कधी संपणार?"

आई कोंबड्यावर खेकसली की ग्लेनरॉयला हसू यायचं. आजही तो हसला, आवाजाशिवाय.

पुढचा प्रश्न गुडघ्याचा. तो वाजण्याआधीच सुई घसरली, कर्रकन ओरखडा काढत कडेपर्यंत गेली आणि सगळं गप्प झालं.

ग्लेनरॉयनं डोकं धरलं. व्हर्ना सुई धरायला गेली, पण ती पुन्हा खाचेत बसेना. आता आई विचारणार, गप्प का रे? मग काय सांगायचं? तिला रडूच फुटलं.

"गुडघा बरा आहे रे," आई फोनवर खुशीत म्हणाली. मग जरा थांबली. "गाणं सोडू नकोस हं. घशाला कडू पाल्याचा काढा घेत जा."

आणि फोनच्या पलीकडे टेपरेकॉर्डरचं बटण खट्टकन वर आलं.