पांढरीचा पाठलाग

“विहिरीकडं वळली! अरे, विहिरीकडं!” जनी ओटीवरून ओरडली.

हरेश्वर आणि दिपेश जाळ्याची दोन टोकं धरून माडांमधून धावले. पांढरी कुत्री विहिरीला वळसा घालून केळीत घुसली. दिपेशनं जाळं फेकलं. ते नेमकं केळीच्या घडावर जाऊन बसलं. कुंपणापलीकडे जमलेली माणसं खो खो हसली.

सकाळपासून हरेश्वरच्या माडांच्या वाडीत हाच गोंधळ चालला होता. बाहेर रस्त्यावर भटकी कुत्री धरणारी पिंजऱ्याची गाडी उभी होती. तिच्याबरोबर आलेल्या डॉक्टर प्रज्ञानं बाकीची कुत्री एकेक करून पिंजऱ्यात घातली होती. पांढरी मात्र हाती लागत नव्हती. गाडीवाल्यांचं छोटं जाळं पुरेना, म्हणून हरेश्वरनं थळच्या दोस्ताला हाक मारली. दिपेश होडीवर जाणारा. जुनं मोठं जाळं खांद्यावर टाकूनच तो मोटरसायकलवरून चौलला आला.

“घोळ मासा सापडंल एक वेळ, पण ही न्हाय सापडायची,” तो धापा टाकत म्हणाला.

नागावच्या किनाऱ्यावर पर्यटक असले की ही कुत्री तिकडेच पोट भरत. गर्दी ओसरली की वाड्यांमध्ये शिरत. हरेश्वरनं कुंपण पक्कं केलं. त्याच्या बायकोनं, सुचितानं, काठ्या आपटल्या, फटाके लावले. कुत्री जेमतेम दुपारपर्यंत लांब राहत. कोंबड्या गेल्या, तेही घरच्यांनी सोसलं. पण शिमग्याच्या दिवसांत हरेश्वरची आई, जनी, पडलेला नारळ उचलायला वाकली आणि पांढरीनं तिच्या पोटरीचा लचका तोडला.

इंजेक्शनं झाली. जखम भरली. जनी मात्र त्यानंतर ओटीची पायरी उतरली नाही.

पाय दुखतो, म्हणायची. लग्न होऊन आल्यापासून जिनं या वाडीतल्या एकेका माडाला पाणी घातलं, ती आता ओटीवर बसून नारळ पडल्याचा आवाज ऐकायची. “पाटाच्या कडेचा पडला गो, आण जा,” असं सुनेला सांगायची. सुचितानं कितीदा तिचा हात धरून पाहिला. “चला आई, विहिरीपर्यंत तरी.” जनी हात सोडवून घ्यायची आणि आत जाऊन झोपायची. भात कापून झालं, तरी तेच. शेवटी सुचितानंच गाडीला फोन केला. पांढरी एकदाची नाहीशी झाली की सासू खाली उतरेल, असं तिला वाटत होतं.

“पोफळीतून चालली! सुचिता, तुझ्याच अंगावर येतेय बघ!” ओटीवरून जनीची हाक आली.

सुचितानं पदर खोचला. तिला भीतीही वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं. दिपेशनं जाळं केळीतून सोडवून तिच्या दिशेनं भिरकावलं. ते घ्यायला ती पळाली. हरेश्वर मागून येता येता पाटाच्या चिखलात घसरला आणि दिपेशला घेऊनच आडवा झाला. कुंपणापलीकडून शिट्ट्या आल्या.

पांढरी वाडीच्या पार टोकाला, झावळ्यांच्या ढिगाआड अडकली. मागे काटेरी कुंपण. पुढे सुचिता, एकटी, हातात जाळ्याचं एक टोक. कुत्री वळली. तिनं दात दाखवले. घशातून बारीक गुरगुर सुरू झाली. जाळं एकटीनं पसरण्यासारखं नव्हतंच.

“वरून नको टाकू, पळंल! खालून, पायांत टाक!”

जाळ्याचं दुसरं टोक ताणलं गेलं.

“आता!”

जाळं पसरलं. पांढरीनं झेप घेतली आणि चारही पाय त्यात गुंतवून घेतले. ती उलटीपालटी होऊ लागली. जाळ्याच्या एका कडेवर सुचितानं अंग टाकलं, दुसऱ्या कडेवर जनीनं. डॉक्टर प्रज्ञा धावत आली, खाली बसली, सुई टोचली. गुरगुर हळूहळू मंदावली. कुत्रीची मान पडली.

“धरली!” जनी ओरडली. तिचा अंबाडा सुटला होता, लुगड्याला माती लागली होती. तिनं सुनेच्या पाठीत जोरात थाप मारली. “धरली का न्हाय? आं?” दोघी हसत सुटल्या. चिखलानं माखलेले हरेश्वर आणि दिपेश येऊन पोचले, तेही हसायला लागले.

“काकू, जाळं टाकायला शिकलात कुठं?” प्रज्ञानं विचारलं. मग ती पांढरीला उचलता उचलता म्हणाली, “हिचं ऑपरेशन करू, लस देऊ. जखम भरली की परत आणून सोडू.”

हरेश्वरचं हसू थांबलं. “परत? कुठं परत?”

“इथंच. जिथून धरली तिथंच सोडायची, असा नियम आहे. हिला लांब नेलं तर हिच्या जागी दुसरी येतील, लस न दिलेली.”

“न्हाय जमायचं! माझ्या आयेला चावलीय ती. ती परत आली तर आये पुन्हा...”

सुचितानं हातातली जाळ्याची कड सोडून दिली. एवढं सगळं करून पुन्हा तेच.

जनी पांढरीकडे बघत होती. झोपेत कुत्रीचा एक पाय हलत होता. बरगड्या मोजता येतील इतकी ती वाळली होती.

“केवढीशी हाय ही,” जनी म्हणाली. “मला वाटायचं, वासराएवढी असंल.”

तिनं सुटलेला अंबाडा पुन्हा बांधला.

“आणून सोड गो, डाक्तरीणबाई. मी इथंच असंन.”

इथंच! सुचितानं मान वर करून घराकडे पाहिलं. ओटी माडांच्या पलीकडे, पार त्या टोकाला, रिकामी होती.