डावी बाजू चुन्नीलालची

"उजवी कमान बदल. डाव्या बाजूले हात लावायचा नाई," जीवनलालने जीपमधून उतरता उतरताच बजावलं.

देवाजी मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. कोहमाऱ्याच्या फाट्यावर त्याचं गॅरेज होतं. ही जुनी जीप तो जीवनलालच्या बापाच्या काळापासून ओळखत होता. समोरून ती चांगलीच डाव्या अंगाला कलली होती. चाकावरची कोणती कमान, म्हणजे पोलादी पाट्यांची स्प्रिंग, बसलीय, हे सांगायला मिस्त्री लागत नव्हता.

"काऊन? कलली तं डावीकडं हाय."

"डावी बाजू चुन्नीलालची. ज्याची बाजू, थो पाहील."

चुन्नीलाल म्हणजे जीवनलालचा धाकटा भाऊ. बाप गेल्यावर दोघांची वाटणी झाली. धानाची बांधी वाटली, बैल वाटले, विहिरीचं पाणी पाळीने वाटलं. जीप तेवढी उरली. ती विकायला दोघेही तयार होईनात. मग पंचांनी डोकं लढवलं. सहा महिने मोठ्याने वापरायची, सहा महिने धाकट्याने. इंजिनाचा खर्च अर्धा अर्धा. बाकी उजवीकडचं मोडलं तर मोठ्याने बघायचं, डावीकडचं धाकट्याने. इतकं शहाणपण पंचांना एकाच बैठकीत सुचलं, याचं गावाला अजून कौतुक आहे. पुढे दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून भांडण पेटलं आणि भावाभावांचं बोलणंही बंद झालं. पाळी बदलली की जीपची किल्लीसुद्धा गड्याच्या हातून जायची.

गेल्या वर्षी जीप डावीकडे कलली तेव्हा जीवनलालला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगा! चहाच्या टपरीवर तो चारचौघांत म्हणायचा, "स्वतःच्या बाजूची कमान बदलवणं होत नाई, अन् गोष्टी पाहा याच्या." त्याची स्वतःची कमर मात्र त्या वर्षात जीपमध्ये एकदाही दुखली नव्हती. त्याचं श्रेय तो नव्या डांबरी रस्त्याला द्यायचा.

आता मुलीचं, दुर्गेश्वरीचं लग्न तोंडावर आलं होतं. या घरातली प्रत्येक लेक याच जीपमधून सासरी गेली होती आणि दर वेळी स्टिअरिंगवर तिचा काका होता. बापाचे डोळे भरलेले असतात, त्याला रस्ता दिसत नाही, म्हणून लेकीच्या पाठवणीला बापाने गाडी चालवायची नाही, असा या घरचा रिवाज होता.

"बाबूजी, काकाजीच चालवतील नं?" दुर्गेश्वरीने आदल्या दिवशी जेवताना विचारलं होतं.

"मी चालवीन," म्हणून जीवनलालने विषय संपवला. चुन्नीलालला लग्नाची पत्रिकासुद्धा गेली नव्हती. पोरगी अर्ध्या ताटावरून उठली. ते त्याला फार लागलं, पण हट्ट तो हट्ट. सकाळी उठून तो नवी कमान घेऊन आला. एकच. लेक जाताना निदान आपली बाजू तरी ठणठणीत असावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

देवाजीने जॅक लावला, खाली आधाराला घोडी सरकवली आणि उजव्या चाकामागे शिरला. कमान पाहताच त्याला आठवलं आणि तो लगेच बाहेर आला.

"हे बदलवायची गरज नाई. नवी हाय. मागच्या साली मीच बसवली."

"मी तं कधी सांगतलो नाई तुले."

"तुम्ही कायले सांगान? चुन्नीभाऊनं सांगतलं. त्याईची पाळी होती. दोन्ही कमानी गेल्या होत्या. मी म्हटलो, जोडीच बदलवा, एकच बदलवली तं गाडी तुमच्याच बाजूले कलते. तं म्हणे, कलू दे. आता एकीचीच सोय हाय, उजवीच बदल. भाऊ त्या बाजूनं बसते, त्याची कमर दुखते."

जीवनलाल जीपच्या समोर जाऊन उभा राहिला. वर्षभर तो या कलण्यावर हसला होता. लोकांनाही हसवलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की देवाजीकडे मान वर करून बघवेना. रस्त्यावरून ट्रक जात होते.

"हे नवी डावीकडं बसते का?" त्याने शेवटी विचारलं.

"बसते नं."

"मंग बसव."

दुपार कलेपर्यंत काम चाललं. गंजलेले नट काही केल्या हलेनात. देवाजीने रॉकेल टाकलं, हातोडा मारला, दोन शिव्याही घातल्या, तेव्हा कुठे जुनी कमान सुटली. नवी बसली आणि जीप चारही चाकांवर सरळ उभी राहिली.

गावात शिरल्यावर जीवनलालने जीप आपल्या अंगणात नेली नाही. ती चुन्नीलालच्या दारात नेऊन थांबवली. आवाज ऐकून चुन्नीलाल बाहेर आला. त्याने जीपकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि जागीच थबकला.

"पाळी तं तुमची चालू हाय, भाऊ," तो हळूच म्हणाला. "आताच काऊन आणली?"

"दुर्गेश्वरी जाईन त्या दिवशी मले रस्ता दिसणार नाई, चुन्नी," जीवनलाल म्हणाला, आणि किल्ली तशीच लावून ठेवून सरकत सरकत डाव्या सीटवर जाऊन बसला.