नऊ नंबरची दोरी

कुरिमोतो साहेबांनी सकाळी आठला खडूनं जमिनीवर एक वर्तुळ काढलं आणि त्यात जाऊन उभे राहिले. गाड्यांच्या कारखान्यातल्या आमच्या लाइनवर, नऊ नंबरच्या जागेसमोर, हात मागे बांधून. सेक्शनचा मुख्य माणूस शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा म्हटल्यावर लाइनवर कुजबुज होणारच. घरी भांडून आले असतील, असं दहा नंबरवाल्याचं मत पडलं.

नऊ नंबरवर आसानुमाबाई. वय बावन्न, नोकरी कंत्राटी. गाडीचं दार समोरच्या फिक्स्चरमध्ये, म्हणजे दार धरून ठेवणाऱ्या चौकटीत, बसतं, त्याच्या कडेला रबरी पट्टी लावायची, आठ क्लिपा अंगठ्यानं दाबायच्या, चोपन्न सेकंदांत दार पुढे. काही अडलं तर डोक्यावरची दोरी ओढायची, लाइन थांबते. आम्ही बाकीचे दिवसातून दोन-चारदा ओढतो. बाईंनी चौदा महिन्यांत एकदाही ओढली नव्हती. मार्चअखेर करार संपत होता, आणि हीच गोष्ट आपल्याला कायम करणार अशी त्यांची भाबडी खात्री होती.

साहेब परीक्षा घ्यायला उभे आहेत असं धरून बाईंनी हात आणखी चालवला. खरं कारण वेगळंच होतं. आदल्या दिवशी कँटीनमध्ये बाई नूडल्स चमच्यानं खाताना साहेबांना दिसल्या होत्या, जेवायच्या काड्या बाजूला तशाच. जन्मभर काड्यांनी जेवलेलं माणूस एकाएकी चमचा धरतं, ते काही हौसेनं नव्हे; हात दुखत असणार, आणि तो कशानं हे साहेबांना बघायचं होतं.

दोन तास साहेब जागचे हलले नाहीत. मग त्यांच्या ध्यानात आलं. दर दाराला, शेवटच्या क्लिपेच्या वेळी, बाई डाव्या गुडघ्यानं दार किंचित वर रेटत होत्या आणि सगळा जीव अंगठ्यात आणून क्लिप दाबत होत्या. फिक्स्चरमध्ये दार वाकडं बसत होतं. फार नाही, दोन मिलिमीटर. फिक्स्चर बनवलेलं खुद्द साहेबांनी. सुधारणांच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं, फोटो अजून कँटीनच्या दारात आहे.

साहेब वर्तुळातून बाहेर आले आणि त्यांनी नऊ नंबरची दोरी ओढली. चाळीस माणसं थांबली. त्यांनी बाईंना हातमोजा काढायला सांगितला. अंगठा काळानिळा पडला होता.

"कधीपासून?"

"हे नवीन फिक्स्चर आलं तेव्हापासून."

"मग दोरी का नाही ओढलीत?"

बाई बुटांकडे बघून बोलल्या. "माझ्यापायी सगळे थांबणार. आणि हे तुम्ही बनवलंय, साहेब. बक्षिसाचं आहे."

कुरिमोतो साहेब कमरेत वाकले. नुसती मान नाही, पुरते वाकले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी. पाच महिने तुमच्या अंगठ्यानं झाकली. माफ करा." खोटं कशाला सांगू, आमच्याच माना खाली गेल्या. बाईंचा मात्र चेहरा उतरला. चौदा महिन्यांची पुण्याई गेली, आता मार्चमध्ये घरी, हे त्यांच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं.

साहेबांनी लगेच बाह्या वर केल्या. गुडघ्यावर बसून, कानस चालवून, फिक्स्चरच्या खालच्या बाजूला एक पातळ पट्टी बसवली. अर्धा तास गेला. तोवर बाई स्टुलावर अंगठ्याला बर्फ लावून बसल्या. लाइन सुरू झाली. पहिलं दार सरळ बसलं, क्लिप हलक्या हातानं आत गेली. साहेबांची कळी खुलली. दुसरंही झकास.

तिसऱ्या दाराला बाई थबकल्या. त्यांनी दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, साहेबांकडे पाहिलं, वर दोरीकडे पाहिलं. आम्ही सगळे बघत होतो. आता पुन्हा, साहेबांच्या देखत, कुणाची छाती होणार?

बाईंनी दोरी ओढली. लाइन थांबली.

"साहेब," त्यांनी कडेवर बोट ठेवलं, "ही तुमची नवी पट्टी रंगाला घासतेय."

साहेबांनी जवळ येऊन चरा पाहिला. मग आभार मानले आणि पुन्हा गुडघ्यावर बसून फिक्स्चरखाली शिरले.

"तुम्हाला कायम करायची शिफारस आजच लिहितो," खालून आवाज आला. "आता ती बॅटरी जरा इकडे धरा, मला काही दिसत नाहीये."