न बघता काढलेलं चित्र

पन्नाशीत मी चित्रकला शिकायला लागले. मी काढलेला बांगडा चपलेसारखा दिसायचा. म्हणून क्लासच्या बाईंनी घरी करायला एक सराव दिला. समोरच्या माणसावरून नजर हलवायची नाही, कागदाकडे बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही.

भर दुपारी थळच्या आमच्या ओटीवर मी भिंतीला पाठ टेकून बसले. समोर माझा नवरा, धनेश, फाटलं जाळं सांधत होता. त्याच्याकडे बघत मी रेघ ओढत गेले. हात इतका सुरळीत कधीच चालला नव्हता.

मग कागद बघितला.

त्यावर धनेश नव्हताच. मी होते, मांडीवर कागद लावलेली फळी घेऊन बसलेली, त्याच्या जागेवरून दिसेन तशी. आणि माझ्या खांद्यावरून एक बाई वाकून कागदात बघत होती.

माझ्या मागे भिंत होती. पाठ अजून तिला टेकलेलीच होती.

तेवढ्यात धनेश वर बघून हसला.

"अगो, तुझ्या क्लासच्या बाई काय ह्या? मघापासनं मागं उभ्या हायत. बसाया तरी सांग त्यांना."